शेवाळ उचलणार कोण?

मडगावच्या खारेबांध पुलावरून ज्यांचे रोज जाणे-येणे आहे, त्यांना साळ नदीच्या पाण्याचा रंग सांगावयास नको. पावसाळा ओसरून ऊन तापू लागले की या पाण्यावर हिरवी साय धरू लागते, कडेला जलपर्णी दाटते आणि वाऱ्याची दिशा फिरली म्हणजे पुलावरून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावतो. वेर्ण्याच्या बाजूने निघालेली ही नदी मडगाव, नावेली, बाणावली, वार्का, चिंचोणे या गावांचा सहवास घेत बेतूलपाशी समुद्राला मिळते. आणि त्या गावांच्या सहवासात तिला जे जे मिळते ते सारे ती बेतूलच्या शिनाण्यांच्या व तिसऱ्यांच्या पदरात टाकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी तयार केली, तीत एकट्या गोव्याचे अकरा पट्टे होते. राज्य केवढे आणि त्यात अकरा! साळ त्यांत होती हे सांगावयास नकोच; पण मांडवी होती, शापोरा होती, म्हापशाची नदी होती, दूरची तळपणही होती.

पाणी हिरवे झाले की आपल्याकडे शेवाळाला शिव्याशाप देण्याची पद्धत आहे. ते काढून टाका, त्यावर औषध मारा, अशा सूचनांचा पाऊस पडतो. आमचे मत थोडे निराळे आहे. शेवाळ हा या प्रकरणातील आरोपी नसून साक्षीदार आहे. इतकेच नव्हे, तर योग्य रीतीने राबवून घेतल्यास तो उत्तम झाडूवालाही होऊ शकतो. पाश्चात्त्य देशांत शेवाळाकडून घाण पाणी धुऊन घेण्याचे प्रयोग सात दशके चालू आहेत. त्यांतले काही यशस्वी झाले, काही फसले. अशा योजनांचा मोह आपल्या नगरपालिकांनाही आज ना उद्या पडणारच. तो पडण्यापूर्वी त्या प्रयोगांची नीट ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

प्रथम हे शेवाळ येते कोठून ते पाहू. शेतात पीक जोमाने यावे म्हणून आपण जी खते घालतो त्यांतली मुख्य द्रव्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस. हीच द्रव्ये माणसाच्या मलमूत्रातूनही बाहेर पडतात. साधारणपणे एका माणसामागे दिवसाला दहा-बारा ग्रॅम नायट्रोजन आणि दीड-दोन ग्रॅम फॉस्फरस. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु लाख वस्तीच्या शहराचा हिशेब केला तर रोज टनभर नायट्रोजन होतो. एवढे खत दररोज नाल्यात ओतल्यावर तेथे पीक येणार नाही तर काय होईल? शेवाळ हे त्या पाण्यातले पीक आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींच्या देहात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सोळा आणि कार्बनचे एकशे सहा अणू, असे प्रमाण सर्वसाधारणपणे आढळते. याचा अर्थ असा की फॉस्फरसची चिमूटभर भर पडली तरी तिच्या शंभरपट कार्बन बांधून घेणारे रान माजू शकते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली एक तळे मध्ये प्लास्टिकचा पडदा लावून दोन भागांत विभागले. एका भागात कार्बन व नायट्रोजन घातले. दुसऱ्या भागात तीच द्रव्ये आणि त्यांच्या जोडीला फॉस्फरस. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला तसाच राहिला. विमानातून घेतलेले त्या तळ्याचे छायाचित्र जगभर गाजले आणि साबणाच्या पावडरींतून फॉस्फेट काढून टाकण्याच्या मागणीला त्याने मोठे बळ दिले. गोड्या पाण्याच्या तळ्यांत बहुधा फॉस्फरस आणि समुद्राच्या पाण्यात बहुधा नायट्रोजन, असा या दोघांचा अंमल वाटून घेतलेला असतो. आपल्या नद्या शहरापाशी गोड्या आणि मुखापाशी खाऱ्या. त्यामुळे आपल्याला दोघांचीही चिंता करणे भाग आहे.

शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते हे शाळेतला मुलगाही सांगेल. रात्री तेच शेवाळ प्राणवायू घेते, हे मात्र आपण विसरतो. दाट शेवाळाच्या पाण्यात पहाटेच्या सुमारास प्राणवायू इतका घटतो की मासे तोंड वर काढून हवा गिळू लागतात. पुढे हे शेवाळ मरून तळाला बसते, कुजते आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवते. गोव्याच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या किनाऱ्यालगत खोलातले पाणी वर येते आणि ते मुळातच प्राणवायूला पारखे असते. हा निसर्गाचा क्रम आहे, त्यात कोणाचा दोष नाही. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात या पाण्याची नियमित मोजदाद करीत आले आहेत, आणि आपल्या उथळ समुद्रातील ही प्राणवायूची टंचाई वाढत असल्याचा इशारा संस्थेच्या संशोधकांनी २००० साली दिला होता. ज्याचा श्वास आधीच अपुरा आहे त्याच्या नाकासमोर आपण खताची पोती रिकामी करीत आहोत.

आता काट्याने काटा काढण्याच्या युक्तीकडे वळू. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात असा विचार मांडला की शेवाळाला सांडपाण्यातले खत हवे आहे आणि सांडपाण्यातल्या जिवाणूंना शेवाळाने सोडलेला प्राणवायू हवा आहे. मग दोघांचा संसार उथळ तळ्यात थाटून द्यावा, सूर्याने वीज पुरवावी आणि चाकाने पाणी हळूहळू फिरवीत ठेवावे. कल्पना नामी होती आणि अनेक ठिकाणी ती उतरलीही. तिचे घोडे अडले ते एकाच जागी. पाण्यात तरंगणारे हे सूक्ष्म शेवाळ इतके बारीक की ते पाण्यातून वेगळे काढणे हे पाणी शुद्ध करण्याइतकेच खर्चाचे होऊन बसले.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी या अडचणीवर जो उपाय काढला, तो त्यांना प्रवाळाच्या खडकाने शिकविला. कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभिंतींचा अभ्यास करताना त्यांना एक कोडे पडले होते. तेथील पाणी काचेसारखे स्वच्छ, म्हणजे खताच्या दृष्टीने कंगाल. तरीही खडकावर बोटभरही उंच नसलेली शेवाळाची हिरवळ असते आणि ती झपाट्याने वाढते. कारण दुहेरी होते. एक, लाटांचे हेलकावे त्या हिरवळीला क्षणोक्षणी नवे पाणी आणून देतात. दुसरे, मासे ती अखंड कुरतडत असतात, त्यामुळे ती कधी म्हातारी होतच नाही. तिचे पाते सदैव कोवळे. एडी यांनी या दोन्ही गोष्टींची नक्कल केली आणि १९८२ साली तिचे एकस्व घेतले. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ साली उघडलेल्या प्रचंड प्रवाळ-मत्स्यालयाचे पाणी याच युक्तीने स्वच्छ ठेवले जात असे.

हे साधन दिसावयास इतके साधे आहे की पाहुण्यांना दाखविल्यास ते निराश व्हावेत. जमिनीला किंचित उतार द्यावयाचा, शंभर फुटांमागे फूट-दोन फूट. त्यावर पाणी न झिरपणारा पत्रा किंवा ताडपत्री अंथरावयाची, तिच्यावर जाळी पसरावयाची आणि वरच्या टोकाला पंपाने घाण पाणी आणून सोडावयाचे. पाणी सतत धारेने सोडीत नाहीत. भरले की आपोआप कलंडणारे एक पात्र बसवितात. ते दर काही सेकंदांनी उलटते आणि जाळीवरून पाण्याची लाट सरसरत जाते. ही झाली समुद्राची नक्कल. शेवाळाचे बी बाहेरून आणावे लागत नाही. त्याच नदीतले, त्याच नाल्यातले रानटी शेवाळ आपण होऊन जाळीला चिकटते आणि आठवड्याभरात हिरवा-तपकिरी गालिचा तयार होतो. खाऱ्या पाण्यात खारे शेवाळ येते, गोड्यात गोडे. चेसापीक उपसागराच्या मचूळ पाण्यावर बाल्टिमोर बंदरात असे पाट चालविण्यात आले आहेत, तेव्हा भरती-ओहोटीच्या नदीला हे जमणार नाही, असे म्हणण्याचे कारण नाही.

उरली माशांची नक्कल, आणि सगळे मर्म त्यात आहे. सात ते चौदा दिवसांनी पाणी बंद करून ते शेवाळ खरवडून, गोळा करून, त्या जागेपासून दूर न्यावे लागते. एखादा आठवडा चुकला तर वरचे थर खालच्या थरांचा सूर्यप्रकाश अडवितात, मुळाकडचे शेवाळ सडते, जाळी सुटते आणि जे खत महिनाभर पाण्यातून वेचून काढले ते एका दिवसात पाण्याबरोबर परत नदीत जाते. भरीस भर म्हणून बारीक अळ्या आणि किडे त्या गालिच्यावर चराई करू लागतात. थोडक्यात, पाणी शेवाळाने स्वच्छ होत नाही. शेवाळ उचलल्याने स्वच्छ होते. हा भेद ज्याच्या ध्यानात राहिला त्याला या विषयातले नव्वद टक्के समजले, असे आम्ही म्हणू.

या युक्तीचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आहे. तेथे समुद्रकाठाने सुमारे अडीचशे किलोमीटर पसरलेली एक खाडी आहे. तिचे नाव इंडियन रिव्हर. (आपल्या देशाशी तिचा काही संबंध नाही, कोलंबसाच्या चुकीचे ते आणखी एक अपत्य.) तिच्या काठच्या व्हीरो बीच या गावाजवळ तेथील जिल्हा प्रशासनाने एग्रेट मार्श या नावाने २०१० साली शेवाळाचा पाट बांधला. सुमारे साडेचार एकरांच्या या उतारावरून संत्र्यांच्या बागांचे व वस्तीचे पाणी वाहून नेणाऱ्या कालव्याचे रोज सुमारे एक कोटी गॅलनपर्यंत पाणी फिरविण्याची सोय करण्यात आली. पुढे ते पाणी तळ्यांतून आणि पाणथळीतून मुरवीत खाडीत सोडले जाते. व्यवस्था चांगली होती आणि अशाच धर्तीचे आणखी काम त्या जिल्ह्याने नंतरही केले.

येथे गोष्ट संपली असती तर आमचे काम सोपे झाले असते. परंतु त्याच खाडीत २०११ साली शेवाळाचा असा उद्रेक झाला की तेथील लोकांनी त्याला महाउद्रेक हेच नाव दिले. पाणी गढूळ हिरवे झाले, तळापर्यंत ऊन पोहोचेना, समुद्रगवताची कुरणे उजाड होत गेली. पुढच्या काही वर्षांत आणखी उद्रेक झाले आणि त्या दशकात खाडीतले निम्म्याहून अधिक समुद्रगवत नाहीसे झाले. त्या गवतावर जगणाऱ्या समुद्रगायी उपाशी मरू लागल्या. २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात अकराशेहून अधिक समुद्रगायी मेल्या आणि अखेर सरकारी नोकरांना पाण्यात कोबीसारख्या पालेभाज्या टाकून त्या जनावरांना जगवावे लागले. ज्या देशाने चंद्रावर माणूस पाठविला, आणि तोही याच खाडीच्या काठावरून, त्या देशावर ही पाळी आली.

मग शेवाळाचा पाट निकामी ठरला काय? मुळीच नाही. तो एका कालव्याच्या तोंडाशी होता आणि त्या कालव्यापुरते आपले काम करीत होता. खाडीला खत मिळत होते ते दुसरीकडून. हार्बर ब्रँच या तेथील सागरी संशोधन संस्थेचे ब्रायन लापॉइंट आणि त्यांचे सहकारी यांनी खाडीतलेच शेवाळ ठिकठिकाणाहून गोळा करून त्यातील नायट्रोजनची जात तपासली. नायट्रोजनचे हलके आणि जड असे दोन प्रकार असतात व त्यांच्या प्रमाणावरून तो रासायनिक खतातून आला की माणसाच्या मैल्यातून, याचा सुगावा लागतो. त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात बोट दाखविले ते घराघरांच्या सेप्टिक टाक्यांकडे. वाळूच्या जमिनीत पुरलेल्या त्या टाक्यांतले पाणी भूगर्भातून सावकाश पाझरत खाडीत उतरत होते. वर कोठे नाला नाही, वास नाही, तक्रार नाही. आरंभी आम्ही शेवाळाला साक्षीदार म्हटले ते यासाठीच.

गोव्यातल्या वाचकाला येथे थोडे अस्वस्थ वाटले तर ते योग्यच होईल. आमची किनारपट्टी वाळूची, आतला भाग सच्छिद्र जांभ्याचा, विहिरींचे पाणी पावसाळ्यात हाताला लागावे इतके वर. आणि या जमिनीत आमच्या बहुसंख्य घरांच्या, हॉटेलांच्या आणि नव्या वसाहतींच्या टाक्या पुरलेल्या आहेत. मडगावात शिरवडे येथे सांडपाणी शुद्धीकरणाचे केंद्र आहे, रस्त्यांखालून वाहिन्या गेल्या आहेत. परंतु वाहिनी दारावरून गेली म्हणजे घर तिला जोडले गेले असे होत नाही. जोडणीचा खर्च, अंगणाची फोड, शेजाऱ्याची हरकत, कार्यालयातले खेटे. कारणे पुष्कळ असतात. शिवाय रात्रीच्या अंधारात टाक्या उपसून नाल्यात रिते होणारे टँकर हा ग्रामसभांतून वर्षानुवर्षे गाजणारा विषय आहे. अशा स्थितीत नदीच्या तोंडाशी शेवाळाचा पाट बांधणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तरीही हिशेब मांडून पाहिल्यावाचून आम्ही निकाल देणार नाही. चांगल्या राखलेल्या पाटावर दर चौरस मीटरमागे रोज सरासरी पंधरा ग्रॅम कोरडे शेवाळ तयार होते असे धरू. ऊन, पाणी आणि ऋतू यांप्रमाणे हा आकडा खालीवर होतो, पण आपल्या उष्ण प्रदेशाला तो अवास्तव नाही. म्हणजे एका हेक्टरमागे रोज दीडशे किलो. त्यात शेकडा चार भाग नायट्रोजन धरला तर सहा किलो झाला. एका माणसामागे बारा ग्रॅम या मापाने सहा किलो म्हणजे पाचशे माणसांचा. एक लाख वस्तीच्या शहरासाठी दोनशे हेक्टर जमीन लागेल! सासष्टीत दोनशे हेक्टर सपाट जमीन शेवाळासाठी कोण देणार? जो देईल त्याचा आम्ही भर चौकात सत्कार करू. तेव्हा शेवाळ हे सांडपाणी केंद्राची जागा घेईल, अशी जाहिरात कोणी घेऊन आलाच, तर त्याच्यासमोर हा साधा त्रैराशिकाचा कागद ठेवावा.

मग त्याचा उपयोग कोठे? आमच्या मते केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. सांडपाणी केंद्राचे मुख्य काम कुजणारा मैला नाहीसा करणे हे असते. ते काम उत्तम झाले, पाणी नितळ दिसू लागले, तरी त्यात विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस उरलेला असू शकतो. तहानलेल्याला ते पाणी निर्मळ वाटेल, शेवाळाला ते मेजवानीचे ताट वाटेल. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांडपाणी केंद्रांसाठी जे निकष अधिसूचित केले त्यांत या दोन द्रव्यांचा समावेशच नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात अधिक कडक निकष उचलून धरले. त्यांत एकूण नायट्रोजन लिटरमागे दहा मिलिग्रॅम आणि तळ्यांत सोडावयाच्या पाण्यासाठी फॉस्फरस एक मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. समजा, एखाद्या केंद्रातून रोज दहा लाख लिटर पाणी बाहेर पडते आणि त्यात लिटरमागे वीस मिलिग्रॅम नायट्रोजन आहे. तो निम्म्यावर आणावयाचा तर रोज दहा किलो काढावा लागेल, म्हणजे वरच्याच मापाने दीड-पावणेदोन हेक्टरांचा पाट हवा. हेही थोडे नव्हे. परंतु हे आवाक्यातले आहे.

एक गोष्ट आम्हांला स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बाजारात असे द्रव आणि अशा भुकट्या येतात की ज्या तळ्यात टाकल्या म्हणजे चांगल्या जातीचे शेवाळ वाढून वाईट शेवाळाला हटविते, असे सांगितले जाते. काही काळ पाण्याचा रंग पालटलेला दिसेलही. पण खत गेले कोठे? हिरव्या शेवाळातून निघून तपकिरी शेवाळात गेले. तळ्याबाहेर कणभरही गेले नाही. मासे ते खातील आणि मासे कोणी पकडून नेतील तेवढेच काय ते खरे. शेवाळापासून पेट्रोल गाळण्याच्या स्वप्नाचीही तीच गत. एका बड्या अमेरिकन तेलकंपनीने २००९ साली त्यासाठी मोठा गाजावाजा केला आणि २०२३ साली तिने हात झटकले. पाटावरचे शेवाळ विकून नगरपालिका श्रीमंत होईल, या भ्रमात कोणी राहू नये. त्याचे खत होईल, आणि तेही ज्या नाल्यात कारखान्यांचे पाणी मिसळत नाही तेथलेच; कारण शेवाळ नायट्रोजनइतक्याच तत्परतेने शिसे आणि कॅडमियमही शोषून घेते.

याउलट, आपल्याच देशात शेवाळ उचलण्याचे काम बिनपगारी करणारे मजूर आहेत, त्यांची आठवण ठेवली पाहिजे. कलकत्त्याच्या पूर्वेला शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत सोडतात. या तळ्यांना तेथे भेरी म्हणतात. उन्हात काही दिवसांत त्या पाण्यात शेवाळ माजते आणि रोहू, कटला, मृगळ ते खाऊन पोसतात. कोळी मासे पकडून बाजारात नेतात, निवळलेले पाणी भातशेतीला जाते. एडी यांनी प्रवाळभिंतीवर जे पाहिले तेच हे. फरक इतकाच की येथे मासा पुढे बंगाली माणसाच्या ताटात जातो. पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी १९८० च्या दशकात या व्यवस्थेचा शोध घेऊन ती जगापुढे मांडली आणि बिल्डरांच्या हातून ती वाचविण्यासाठी आयुष्य वेचले. २००२ साली या सुमारे साडेबारा हजार हेक्टर पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. कोळ्यांनी ती तळी आपली म्हणून राखली, बांध घातले, पाणी केव्हा घ्यावयाचे आणि केव्हा सोडावयाचे याचे ज्ञान बापाने मुलाला दिले, म्हणून ते साधले.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. मे महिन्यात गावच्या तळीचा गाळ उपसून तो माडांच्या आळ्यांत घालण्याची रीत वृद्ध वाचकांना आठवत असेल. तळीत उतरलेले सत्त्व उचलून झाडाला देणे, याहून वेगळे फ्लोरिडातले यंत्र ते काय करते? आणि आमची खाजने? समुद्राला बांध घालून भाताचे शेत मिळविणारी ती व्यवस्था मानशीच्या एका दारावर उभी होती. भरतीला मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे ते लाकडी दार, त्याची देखभाल, बांधावर रोज फिरून खेकड्यांनी पाडलेली भोके बुजविणारा राखणदार, त्याची मजुरी, हे सारे गावकरीने नेमून दिलेले असे. पुढे कूळकायदा आला, गावकरीचे अधिकार गेले, जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कायदा न्याय्य होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु अनेक गावांत मानशीवरच्या मासळीची पावणी शेतापेक्षा किफायतशीर झाली, बांधाकडे कोणी पाहीना, आणि एका रात्रीच्या भरतीने पिढ्यांची शेते खारी केली. बांध तोच होता, दारही तेच होते. रोज फिरणारा माणूस तेवढा उरला नव्हता.

शेवाळाच्या पाटाबाबत आमची सारी धास्ती याच जागी आहे. पंप बसेल, जाळी पसरेल, मंत्रिमहोदयांच्या हस्ते कळ दाबली जाईल, छायाचित्र आमच्याही पत्रात छापून येईल. दुसऱ्या महिन्यात कापणीचा कंत्राटदार बिल न मिळाल्याने येईनासा होईल, आणि तिसऱ्या महिन्यात त्या जाळीवर सडलेले शेवाळ पाहून लोक म्हणतील की हे विदेशी खूळ आपल्या हवेला मानवत नाही. आपल्या हवेला खरोखरच न मानवणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे जून ते सप्टेंबर. तेव्हा आभाळ झाकलेले, नाले तुडुंब, जाळी वाहून जाण्याची भीती; त्या चार महिन्यांत पाट बंदच ठेवावा लागेल. उरलेले आठ महिने ऊन भरपूर आणि पाणी कमी. नदी अधिक घाण असते तीही याच काळात.

तेव्हा सरकारला आमची सूचना अशी की कोटींच्या योजनेआधी एका सांडपाणी केंद्राच्या शेवटच्या टोकाशी एक हजार चौरस मीटरांचा, म्हणजे दहा गुंठ्यांचा, पाट घालून पाहावा. त्यातून आठवड्याला शंभर किलोच्या आसपास कोरडे, म्हणजे ओले टनभर शेवाळ निघेल. ते नेण्याकरिता एक टेम्पो लागेल, खरवडण्यास दोन-तीन माणसे लागतील, खताचा खड्डा लागेल. त्या माणसांची वर्षाची मजुरी पंपाच्या किमतीबरोबरच पहिल्या दिवशी मंजूर करून बाजूला ठेवावी. पंपाच्या विजेचे बिलही त्यात धरावे. सेप्टिक टाक्यांच्या टँकरांची नोंद आणि घरांच्या जोडण्या यांचे काम या प्रयोगासाठी एक दिवसही थांबवू नये. ते मूळ काम आहे. गणपती, दिवाळी, निवडणूक काहीही आले तरी कापणीचा वार चुकता कामा नये. ऑक्टोबर ते मे, दर शनिवारी जे शेवाळ निघेल ते काट्यावर तोलावे आणि त्या आठवड्याचा आकडा नगरपालिकेच्या दारावरील फळ्यावर खडूने लिहावा.